शीव ओलांडलेला आरोपी

गुन्ह्याचा आरोप आलेला मनुष्य शीव ओलांडून जातो, परंतु कायद्याचा हात शिवेपाशींच थांबतो. मग अशा माणसाचें शेजारच्या राज्यानें काय करावें? त्यास आसरा द्यावा, कीं धरून परत हवालीं करावें? हा प्रश्न केवळ वकिलांचा आहे असें वाचकांनीं समजूं नये. न्याय आणि दया यांची सांगड कशी घालावी, हाच त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न आहे.

आपल्या देशांत एका प्रांतापुरती ही अडचण आज उरलेली नाहीं. पुण्याच्या न्यायालयानें काढलेलें पकडवॉरंट भारतांत कोठेंही बजावतां येतें. इंग्रजी अमदानींत मात्र संस्थानी हद्द व इंग्रजी मुलूख यांमधील आरोपींच्या देवघेवीसाठीं 1903 सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला होता. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही शीव अजूनही जिवंत आहे. तेथील पन्नास घटक राज्यांपैकीं प्रत्येकाचा फौजदारी कायदा निराळा, न्यायालयें निराळीं आणि पोलीसही निराळे.

यास्तव 1787 सालीं लिहिलेल्या त्यांच्या राज्यघटनेंतच असें कलम घातलें आहे कीं, एका राज्यांत आरोप आलेला मनुष्य पळून दुसऱ्यांत सांपडला, तर पहिल्या राज्यानें मागणी करतांच त्यास परत द्यावें. पण नुसत्या कलमानें काम भागलें नाहीं. पेनसिल्व्हेनियांतील जॉन डेव्हिस नांवाच्या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसास 1788 सालीं व्हर्जिनियांत पळवून नेण्यांत आलें. पळविणारे तिघे आरोपी मागितले असतां व्हर्जिनियाच्या गव्हर्नरानें ते दिले नाहींत. तक्रार अध्यक्ष वॉशिंग्टन यांजकडे गेली, आणि तींतून 1793 सालचा कायदा जन्मास आला.

आजची रीत थोडक्यांत अशी. मागणाऱ्या राज्याचा गव्हर्नर आरोपाच्या कागदपत्रांसह मागणी पाठवितो. दुसरा गव्हर्नर ते कागद तपासून आपल्या सहीचें वॉरंट काढतो. कैद्यास वाटल्यास तो आपखुषीनें परत जाण्यास संमति देतो. नाहीं तर हेबियस कॉर्पसचा अर्ज करून न्यायालयाचें दार ठोठावतो. तेथें चारच गोष्टी पाहिल्या जातात: कागद रीतसर आहेत काय, त्यावर आरोप खरोखर ठेवला आहे काय, हा मनुष्य तोच आहे काय, आणि तो त्या राज्यांतून निघून आलेला आहे काय. तो अपराधी कीं निरपराधी, हें ठरविण्याचा अधिकार मागणाऱ्या राज्याच्याच न्यायालयाचा. अटकेपासून तीस दिवसांत नेण्यास कोणी आलें नाहीं, तर कैद्यास सोडतां येतें.

आतां खरा वाद असा कीं, गव्हर्नरास नाहीं म्हणण्याची मुभा असावी काय? विलिस लागो या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसानें केंटकी राज्यांतील शार्लट नामक दासीस पळून जाण्यास साह्य केलें. केंटकीनें त्यास मागितलें. ओहायोचे गव्हर्नर डेनिसन यांनीं नकार दिला. 1861 सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, देणें हें गव्हर्नराचें कर्तव्य खरें, परंतु तें त्याच्याकडून सक्तीनें करवून घेण्याची सत्ता संघराज्यास नाहीं.

प्रत्येक सहृदय वाचकाचें मन येथें डेनिसनकडेच जाईल, व जावेंही. परंतु त्या निकालानें जें दार उघडें राहिलें, त्यांतून पुढें कोण गेलें तेंही पाहावें. 1981 सालीं पोर्टो रिको येथें एका दांपत्यास मोटारीची धडक बसून गर्भवती पत्नी मरण पावली. खुनाचा आरोप असलेला इसम जामिनावर सुटून आयोवा राज्यांत गेला, आणि आरोप सौम्य केल्याशिवाय त्यास देण्यास आयोवाचे गव्हर्नर तयार होईनात. अखेर 1987 सालीं सर्वोच्च न्यायालयानें जुना निकाल रद्द ठरविला व हें कर्तव्य न्यायालयाच्या हुकुमानें करवितां येतें असें सांगितलें.

माझ्या मतें हेंच योग्य झालें. गव्हर्नराची मर्जी आज दयाळू असेल, उद्यां पक्षपाती होईल. मृत स्त्रीच्या आप्तांनीं मग कोणाकडे दाद मागावी? दुष्ट कायद्यापुढें मान न वांकविणारा डेनिसन वंदनीय आहे; पण त्या दुष्ट कायद्यावरचा टिकाऊ उपाय त्याचा नकार नव्हे, तर गुलामगिरीच नष्ट करणारी 1865 सालची घटनादुरुस्ती होय. अपवादास नियमाचें आसन देऊं नये.

मात्र कर्तव्य दोन्ही बाजूंस असावें. अंतर दूर आणि खर्च मोठा म्हणून क्षुल्लक गुन्ह्याच्या आरोपीस आणण्यास कित्येकदां कोणी जातच नाहीं. वॉरंट तसेंच पडून राहतें. फिर्यादीस न्याय मिळत नाहीं आणि आरोपीच्या डोक्यावरील टांगती तरवार वर्षानुवर्षें उतरत नाहीं. ज्यानें वॉरंट काढलें त्यानें एक तर आरोपीस न्यावें, नाहीं तर तें मागें घ्यावें.

जुन्या करारांतील सहा शरणपुरांची हकीकत विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. यार्देनेच्या दोहों तीरांस तीन तीन नगरें होतीं. चुकून हातून मनुष्य मेला, तर तेथें सूड घेणाऱ्यापासून संरक्षण मिळे. परंतु मंडळीपुढें न्यायास उभें राहणें चुकत नसे, आणि बुद्ध्या खून करणारास तेथून परत दिलें जाई. शरणपूर सुडापासून वांचवी, न्यायापासून नव्हे. मित्राची चूक आपल्या कानीं येते तेव्हां त्यास आसरा अवश्य द्यावा. पण तो आसरा त्यास न्यायापर्यंत सुखरूप पोंचविणारा असावा, न्यायापासून लपविणारा नसावा.