आधी अर्थ बघ!

प्रथम वर्षाला असताना मराठीच्या तासाला सरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला होता : ‘अर्थ’. या शब्दाला मराठीत किती अर्थ आहेत ते सांगा, असे ते म्हणाले. कुणी सांगितले आशय, कुणी पैसा, कुणी हेतू. मागच्या बाकावरच्या एकाने चार पुरुषार्थांची आठवण करून दिली आणि शाबासकी मिळवली. मला आणखी एक अर्थ ठाऊक होता. लहानपणापासून मी तो दिवसातून दहा वेळा ऐकत आलो होतो. पण माझा हात काही वर गेला नाही. तो अर्थ शब्दकोशातला नव्हता, उद्यमनगरातल्या आमच्या टपरीतला होता.

माझे वडील मोटारींचे वायरमन आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मोटारीत बॅटरीचे एक टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले असते. वीज तारेतून दिव्याकडे जाते आणि पत्र्यातून बॅटरीकडे परत येते. या परतीच्या वाटेचा इंग्रजी शब्द गॅरेजच्या मराठीत येता येता ‘अर्थ’ झाला. ‘अर्थ तुटलाय’, ‘अर्थ मिळंना’, असे आमच्याकडे सर्रास बोलतात. कुठलीही गाडी येवो, अण्णांचे पहिले वाक्य ठरलेले : ‘आधी अर्थ बघ.’

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका जुन्या गाडीने मला या वाक्याचा अर्थ शिकवला, आणि त्यातूनच माझे एक मत बनले. आपण ज्याला कौतुकाने ‘जुगाड’ म्हणतो आणि आपल्या लोकांची हुशारी म्हणून मिरवतो, ते बहुतेक वेळा हुशारी नसून समजून घेण्याचा आळस असतो. त्याची किंमत आपण देत नाही. आपल्यानंतर येणारा देतो.

ती गाडी होती १९६५ सालची एम. जी. बी. दोनच माणसांची, उघड्या टपाची, इंग्रजी स्पोर्ट्‌स कार. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी तयार होत होती आणि पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. एम. जी. ही अक्षरे मूळची ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ची. आपली ॲम्बॅसिडर ‘मॉरिस ऑक्सफर्ड’वरून घेतलेली, आणि दोघींची इंजिनेही एकाच घराण्यातली. ॲम्बॅसिडरचे जुने पेट्रोल इंजिन १४८९ सी. सी.चे, हिचे १७९८चे. म्हणजे नात्याने ही ॲम्बॅसिडरची चुलतबहीण, फक्त थोरामोठ्यांच्या घरी वाढलेली. अण्णा उमेदवारीच्या काळात ॲम्बॅसिडरवरच शिकले. त्यांनी बॉनेट उघडले आणि म्हणाले, ‘ही तर आपल्यातलीच की!’

एका कारखानदारांनी ती हौसेने मुंबईहून विकत घेतली होती. ट्रकवर चढवून आणली, पूजा केली, पेढे वाटले. आणि तिसऱ्या दिवशी अंधार! हॉर्नचा फ्यूज लावला की जळे. हेडलाइट कंदिलासारखे पिवळे. ब्रेक दाबला की ब्रेकचा डावा दिवा लागण्याऐवजी पुढचे बारीक दिवे मिणमिणत. रात्री ठीक असलेली बॅटरी सकाळी मेलेली. मालक म्हणाले, ‘मिस्त्री, आठ दिवस देतो. नाही जमलं तर पुण्याला पाठवून सगळं वायरिंग उपटून नवं टाकून घेतो.’ अण्णा ‘जमतंय’ म्हणाले.

हे ‘जमतंय’ सोपे नव्हते. अलीकडे आमच्याकडे गाड्या कमी येतात. नव्या गाड्यांना स्कॅनर लावावा लागतो, आणि तो अण्णांकडे नाही. हे काम परत गेले असते तर एक गिऱ्हाईक गेले असते एवढेच नव्हे, ‘मिस्त्रीचा काळ संपला’ हे वाक्य उद्यमनगरात चहाच्या गाड्यावरून फिरले असते. मला ते दिसत होते, म्हणून सुट्टीत मित्रांबरोबर गोव्याला जायचे सोडून मी टपरीत बसलो.

मालकांनी गाडीबरोबर मिळालेले इंग्रजी मॅन्युअल दिले होते. त्यातला वायरिंगचा नकाशा वाचणे माझ्याकडे आले. अण्णांना रंग पाठ होते आणि मला अक्षरे कळत होती. काळ्या रंगाने ‘बी’ हे अक्षर आधीच पटकावल्यामुळे निळ्याला ‘यू’ आणि तपकिरीला ‘एन’ दिलेले आहे, हे मी त्यांना वाचून सांगितले. त्यावर त्यांनी मला त्या रंगांचे व्याकरण सांगितले. तपकिरी तार म्हणजे थेट बॅटरीची. पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी. हिरवी म्हणजे किल्लीनंतर फ्यूजमधून आलेली. जांभळी फ्यूजमधून येते, पण किल्लीची वाट पाहत नाही; हॉर्न तिच्यावर. काळी म्हणजे अर्थ. साठ वर्षांपूर्वी ॲबिंग्डनला बसलेल्या कुणा कामगाराने या नियमाने तारा ओढल्या, आणि शाळा अर्धवट सोडलेला कोल्हापूरचा एक माणूस त्या आज वाचू शकतो. याला साक्षरता म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे?

पण गाडीत मध्येच हे व्याकरण मोडलेले होते. जांभळ्या तारेला कुणीतरी लाल तार पिळून जोडलेली. तिच्यावर चिकटपट्टी, तिच्यावर आणखी एक. एका परिच्छेदाचे वाक्यागणिक लेखक बदलावेत तसे ते दिसत होते.

आता माझा पराक्रम सांगतो. पहिल्याच दिवशी हॉर्नचा फ्यूज दोनदा जळाला. अण्णा चहाला गेले होते. मी तारेतले तांब्याचे चार केस सोलून फ्यूजच्या जागी गुंडाळले. हॉर्न वाजला! मला फार आनंद झाला, आणि तो साधारण अर्धा मिनिट टिकला. मग डॅशबोर्डाखालून धूर यायला लागला. या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे झाकणाखाली असतात. अण्णांनी काम सुरू करण्यापूर्वीच ते झाकण काढून बॅटरीचे टोक सैल करून ठेवले होते, म्हणून धावत येऊन त्यांना ते उपटता आले. नाहीतर परक्याची लाखमोलाची गाडी माझ्या हुशारीपायी पेटली असती. अण्णा ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘फ्यूज जळला म्हंजे त्यानं त्याचं काम केलं. तू त्याचं तोंड बंद केलंस.’

मागाहून कारण सापडले. पूर्वी कुणीतरी गाडीत गाणी वाजवायचे यंत्र बसवले होते. आजच्या गाड्यांत बॅटरीचे ऋण टोक पत्र्याला असते. १९६७ पर्यंतच्या एम. जी. बी.मध्ये मात्र धन टोक पत्र्याला असे. हे न पाहता जोडलेले यंत्र उलट्या विजेने मेले असावे. ते काढून नेणाऱ्याने तारेचे उघडे टोक तसेच डॅशबोर्डामागे सोडून दिले होते. गाडी हलली की ते पत्र्याला टेके आणि फ्यूज जळे. बिचारा फ्यूज इतके दिवस खरे सांगत होता, आणि आम्ही फ्यूजच बदलत होतो.

ब्रेकच्या दिव्याची गंमत तर आमच्या तर्कशास्त्राच्या सरांना सांगण्यासारखी आहे. मागच्या दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, एक ब्रेकची आणि एक रात्रीच्या दिव्याची. दोघींची परतीची वाट एकच, म्हणजे दिव्याचा अर्थ. तोच गंजला होता. ब्रेक दाबल्यावर वीज आत आली, पण तिला घरी जायला रस्ता मिळेना. मग ती दुसऱ्या तारेतून उलटी निघाली आणि पुढच्या बारीक दिव्यांमधून वाट काढत पत्र्यापर्यंत पोचली. म्हणून ब्रेक मागे दाबायचा आणि उजेड पुढे पडायचा! अण्णांनी नवा बल्ब आणला नाही. एक तार घेतली, तिचे एक टोक दिव्याच्या बुडाला आणि दुसरे चांगल्या अर्थाला टेकवले. दिवा लख्ख लागला. तार काढली, पुन्हा मिणमिण. बाकी सर्व तेच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि काय फरक पडतो ते पाहायचे. जॉन स्टुअर्ट मिलच्या पुस्तकातली व्यतिरेक पद्धती ती हीच. मी ती परीक्षेत चार ओळींत लिहिली होती आणि मला गुणही मिळाले होते. ती कळली मात्र त्या दिवशी, पॉलिश पेपरने गंज घासताना.

बॅटरी कोण पितो हे अवशेष पद्धतीने सापडले. बॅटरीच्या वाटेत टेस्ट लॅम्प लावला. सगळे बंद असूनही तो मंद जळत होता. एक फ्यूज काढला, तरी जळतो. दुसरा काढला, तरी जळतो. मुख्य तपकिरी तार सोडवली, तरी जळतोच. आता उरले काय? थेट बॅटरीलाच जोडलेले काहीतरी. सीटमागचा गालिचा उचलला तर खाली चोरघंटेची एक जुनी डबी. घंटा केव्हाच गेलेली, पण डबी रात्रंदिवस वीज पीत बसलेली. चोराला पकडण्यासाठी ठेवलेला पहारेकरीच चोर निघाला.

हेडलाइटला तर औषधही लागले नाही. वाटेतले सांधे काळे पडले होते. ते एकेक करून साफ केले आणि रात्री समोरची भिंत पांढरी झाली.

इंग्लंडमध्ये या गाड्यांच्या दिव्यांवर पुष्कळ विनोद आहेत म्हणे. तिकडच्या गाड्यांना विजेचे सामान पुरवणारे बर्मिंगहॅमचे जोसेफ ल्यूकस यांना थट्टेने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. ‘किंग ऑफ द रोड’ या नावाचे सायकलचे दिवे विकून पुढे आलेल्या माणसाला ही पदवी! आम्हांला मात्र त्या गाडीत मूळ कामाचा एकही दोष सापडला नाही. दोष होते ते गंजाचे आणि नंतरच्या हातांचे. त्यांतल्या प्रत्येक हाताने त्या दिवशी गाडी चालू करून दिली असेल, पैसे घेतले असतील, आणि ‘काय डोकं आहे!’ अशी शाबासकीही मिळवली असेल.

यावर कुणी म्हणेल, की गरिबाला जुगाडावाचून गत्यंतर नसते. खरे आहे. रात्री दोन वाजता हायवेवर कांद्याचा ट्रक बंद पडला तर अण्णाही तार पिळून त्याला वाटेला लावतात. पण लावताना सांगतात, ‘उद्या ये, नीट करून देतो.’ जुगाड ही उसनवारी आहे. उसने आणायला लाज नाही, पण ते फेडायचे असते. आपण उसने आणतो आणि तीच मिळकत समजून मिरवतो, इथे माझी तक्रार आहे. अभ्यासातही आपण दुसरे काय करतो? परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड पाठ करून वेळ मारून नेतो. दिवा लागतो, पास होतो. अर्थ मात्र गंजलेलाच राहतो. मग पुढे कुठेतरी ब्रेक दाबावा आणि भलताच दिवा मिणमिणावा, असे होते.

स्कॅनरबद्दल माझे काही म्हणणे नाही. अण्णांना तो घेऊन द्यावा अशी माझी इच्छाच आहे. पण स्कॅनर कुठे दुखते ते सांगतो. का दुखते ते माणसाने शोधायचे असते.

सातव्या दिवशी गाडी तयार झाली. मालक येण्यापूर्वी अण्णांनी मला एक वही आणायला सांगितली. ‘काय काय केलं ते लिही. मागनं कोण येईल त्याला कळाय पायजे.’ आयुष्यभर कुणी त्यांच्यासाठी असे काही लिहून ठेवले नव्हते. मी मराठीत लिहिले : कुठली तार कुठून कुठे जाते, कुठला सांधा बदलला, धन टोक पत्र्याला आहे हे मोठ्या अक्षरांत. अण्णांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले, एक चूक दाखवली, ती मी दुरुस्त केली. वही गाडीच्या खणात ठेवली. मराठी वाङ्‌मयाच्या विद्यार्थ्याचे पहिले पुस्तक एका इंग्रजी गाडीत प्रसिद्ध झाले. आज तरी त्याला वाचक नाही, पण पुढचा मिस्त्री कधीतरी खण उघडील.

माझ्या मते दुरुस्तीची व्याख्या हीच असावी. नुसता दिवा लागणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. दिवा का विझला होता हे कळले पाहिजे, आणि ते मागून येणाऱ्यालाही कळेल अशी सोय केली पाहिजे. यातले पहिले काम अण्णांच्या पिढीला येत होते. दुसरे करण्यासाठी आमच्या घरातून एकाने कॉलेजात यायला हवे होते, असे आता वाटते. कला शाखेला जाऊन काय करणार, असे मला जे विचारतात, त्यांना सध्या तरी माझ्याजवळ एवढेच उत्तर आहे.

प्रवेशअर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात पहिल्या वर्षी मी ‘व्यापार’ असे लिहिले होते. ती चूक पुढच्या अर्जात दुरुस्त करीन. आणि सरांची क्षमा मागून, वर्षभर उशिरा का होईना, हात वर करतो : सर, ‘अर्थ’ या शब्दाला मराठीत आणखी एक अर्थ आहे. वीज ज्या वाटेने घरी परत येते, ती वाट.