मुलाचा ताप आणि लघवीची बाटली

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ताप आला की घरातली वडीलधारी माणसे दातांवर तरी बोट ठेवतात, नाही तर दृष्टीवर. दात येताना अंग थोडे कोमट लागेल. १०२ ताप त्याने येत नाही. सर्दी-खोकला नाही, जुलाब नाहीत, तरी ताप आहे. दवाखान्यातून पातळ औषधाची बाटली मिळते, तीन दिवसांत ताप उतरतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. माझे म्हणणे असे की, अशा तापात अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्यापूर्वी मुलाची लघवी तपासायला घेतलीच पाहिजे. हा आग्रह का, ते कळण्यासाठी शरीरातल्या एका लहानशा जागेची ओळख करून घ्यावी लागेल.

किडनीत तयार झालेली लघवी दोन बारीक नळ्यांतून मूत्राशयात उतरते. मोठ्या माणसात ही मूत्रवाहिनी २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते. ती मूत्राशयाच्या भिंतीत सरळ घुसत नाही. तिरकी शिरते, भिंतीतून दीड-दोन सेंटिमीटर सरकते आणि मग आत उघडते. हृदयात असते तशी पडद्याची झडप तेथे नाही, तरी काम झडपेचेच होते. सायकलवाल्यांना हे चटकन समजेल. व्हॉल्व्हवर रबराची बारीक नळी चढवलेली असते. पंपाची हवा तिला फुगवून आत जाते, पण ट्यूबमधला दाब तेच रबर छिद्रावर घट्ट दाबून धरतो. तसेच मूत्राशय भरू लागले की आतल्या दाबाने भिंतीतली नळी चपटी होते व लघवी उलटी जात नाही. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याने प्राण्यांवर प्रयोग करून हे दाखवले होते. (मुतखडाही पुष्कळदा याच अरुंद जागी अडकतो, पण तो विषय पुन्हा कधी तरी.)

तान्ह्या मुलात हा तिरका बोगदा जेमतेम अर्धा सेंटिमीटर असतो. काहींचा जन्मतःच त्याहून आखूड असतो आणि लघवी वर उसळते. याला रिफ्लक्स म्हणतात. लघवीत जंतू नसतील तर बहुधा फारसे बिघडत नाही. पण जंतू असलेली लघवी किडनीपर्यंत पोचली की तेथे सूज येते आणि बरी होताना व्रण राहू शकतो. व्रण पडलेला भाग पुन्हा काम करीत नाही. असे व्रण वाढले की पुढे ऐन तरुणपणी रक्तदाब चढतो, काहींची किडनी निकामी होते. तान्हे मूल जळजळ होते म्हणून सांगणार नाही. त्याला नुसता ताप असतो, फार तर दूध टाकते, ओकते.

आधी औषध देऊन मग लघवी तपासली तर जंतू दबलेले असतात, कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. त्या कागदाने सगळ्यांची फसगत होते. पालक खर्चाला तयार होत नाहीत, असे आमचे व्यवसायबंधू म्हणतात. तीन वेळा भारी औषध घ्यायला तेच पालक तयार होतात, हे मी रोज पाहतो.

लघवी घेताना जागा पाण्याने धुवावी, मुलाला पाजावे आणि धीर धरून मधली धार लॅबच्या निर्जंतुक बाटलीत धरावी. चिकटवायच्या पिशवीतली लघवी कल्चरसाठी भरवशाची नाही. बाटली तासाभरात पोचवावी, उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवावी. लघवी घेतली की औषध मात्र लगेच सुरू करावे, रिपोर्टसाठी खोळंबू नये.

जंतू निघाले तर पुढे सोनोग्राफी करावी की नळी घालून एक्स-रे, हे मुलांच्या डॉक्टरांना ठरवू द्यावे. सोनोग्राफी चांगली आली म्हणजे रिफ्लक्स नाहीच, असे नव्हे. म्हणून पुन्हा ताप आला तर पुन्हा तपासणी. रिफ्लक्स निघाला तरी घाबरून जाऊ नये. मूल वाढते तसा बोगदाही लांबतो आणि सौम्य रिफ्लक्स बहुतेकांत आपोआप थांबतो. तीव्र असेल तर ऑपरेशनने नळी लांब बोगद्यातून नव्याने बसवता येते. तोवर मुलाला बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, लघवी तुंबवू देऊ नये. भावंडांतही हा दोष आढळतो. थोरल्याला निघाला असेल तर धाकट्याच्या पहिल्याच तापात डॉक्टरांच्या कानावर घालावे.