दोष कापडाचा की संकोचाचा?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते २४ वयोगटातील निम्म्या तरुणी पाळीत कापडही वापरतात. हाताने शिवलेले, धुऊन पुन्हा वापरायचे पॅड हे त्याचेच सुधारित रूप. मात्र ते कडक उन्हात वाळायला हवे. वरोऱ्यात उन्हाला तोटा नाही, तोटा आहे तो उघड्या दोरीचा. कोंदट कोपऱ्यात लपवलेले ओलसर कापड संसर्गाला निमंत्रण देते. शेजारच्या गडचिरोलीत तर पाळीत स्त्रीलाच ‘कुर्माघरा’त वेगळे बसवण्याची प्रथा आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापली. पुढे कुष्ठरुग्णांच्या हातच्या वस्तूही समाजाने स्वीकारल्या. पॅडवाटपाच्या योजनांनी हा धडा घ्यावा. संकोच न सुटता केलेले वाटप व्यर्थच ठरेल.