आईबापांचे वय आणि लेकीचा धोका

कल्याणात 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांच्या वाट्यास चौदाव्या वर्षी मातृत्व आले आणि अर्भक अवघ्या दहा दिवसांत दगावले. त्याच कल्याण-डोंबिवलीत आणि शेजारच्या ठाण्यात आज शिक्षण, नोकरी व घराचे हप्ते यांची जुळवाजुळव होईतो अनेक घरांत पहिल्या अपत्याच्या वेळी आईची तिशी उलटलेली असते. ही मोकळीक स्त्रीने कष्टाने मिळविलेली आहे. म्हणूनच, प्रौढ आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मुलीस पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका अधिक, हे वाचताच सुनेकडे बोट दाखविणाऱ्यांना आरंभीच रोखणे प्राप्त आहे.

धोका आहे, पण तो अल्प आहे. निरनिराळ्या देशांतील अभ्यास 2007 साली एकत्र पडताळले गेले, तेव्हा ही वाढ 10 ते 15 टक्क्यांच्या घरातच आढळली. गर्भावस्थेतील आईची संप्रेरके आणि वयाबरोबर बापाच्या बीजात साचत जाणारे जनुकीय फेरबदल ही कारणे संभाव्य म्हणून सांगितली जातात, सिद्ध म्हणून नव्हेत. घरच्या चर्चेत ज्याच्या वयाचा उल्लेखही होत नाही, त्या बापाचा वाटा या हिशेबात आईच्या जवळपास बरोबरीने भरला, हे सासरमाहेरच्या मंडळींनी ध्यानी घ्यावे.

जन्मवेळचे हे वय लेकीस बदलता येत नाही. रोग ओळखण्याची वेळ मात्र अलीकडे आणता येते. गाठ हाताला लागते, पण दुखत नाही म्हणून सणवार, परीक्षा, लग्नकार्य उरकेतो ती पदराआड राहते, आणि मग कागदपत्रांची पिशवी पोटाशी धरून सकाळच्या गर्दीच्या लोकलने परळ गाठावे लागते. तेथल्याच टाटा स्मारक रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत 35 ते 64 वयाच्या 1 लाख 51 हजार 538 स्त्रियांना सामावून घेणारा प्रयोग चालविला. त्यांपैकी सुमारे निम्म्यांची, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी तपासणी केली, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात तसा लाभ दिसला नाही, हेही नमूद करणे न्याय्य होय.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी हाच जाबता उचलावा. कळवा, शास्त्रीनगर आणि रुक्मिणीबाई ही रुग्णालये घराजवळची आहेत. तेथून आरोग्यसेविकांना रीतसर शिकवून प्रभागवार पाठवावे, त्यांच्या नोंदवहीत स्त्रीच्या जन्मवेळी असलेल्या आईबापांच्या वयाचाही एक रकाना असावा, आणि या कामाची तजवीज येत्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली व्हावी.