आमची गणती कधी?

"बाई, तुमी मंग कोनच्या जातीच्या जी?"

तुमसर तालुक्यात विडी कामगार बायांचे एक दिवसाचे शिबिर होते. मी आरोग्यावर बोलायला गेले होते. दुपारच्या जेवणात झिंग्यांचा रस्सा होता. मी तो घेतला नाही, नुसते वरण घेतले. शेजारच्या मावशींनी लगेच हटकले, "माळकरी हाये का?" म्हटले, "नाही, मी ज्यू आहे. बेने इस्राएल. खवले आणि पर असलेली मासळी आमच्यात चालते, झिंगे नाही चालत." मग रस्सा बाजूला राहिला आणि प्रश्न सुरू झाले. ख्रिस्ती का? मुसलमान का? देव कोणता? शनिवारी उपास असतो का? बायका देवळात जातात का? आणि शेवटी, विड्यांचे सूप मांडीवरून खाली ठेवत एकीने विचारले, "तुमच्यात काडीमोड हाये का?"

नवऱ्याच्या नोकरीमुळे १९८६ साली मी भंडाऱ्याला आले. परिचारिका म्हणून पवनी, लाखांदूर, साकोली अशी फिरले. हे प्रश्न मला नवे नाहीत. इतकी वर्षे मी त्यांची गोड गोड उत्तरे देत आले. आज शेवटच्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे आहे. ते आमच्या समाजाला आवडणार नाही, आणि काही अंशी तुम्हालाही आवडणार नाही.

आधी साधी उत्तरे देते. आम्ही ख्रिस्ती नाही, मुसलमान नाही. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी आमची कथा आहे. कुलाबा जिल्ह्यात आम्ही तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक आम्हाला 'शनिवार तेली' म्हणू लागले. गावांवरून आडनावे पडली, पेणकर, रोहेकर, नवगावकर. भाषा मराठी. लग्नात मेंदी, गळ्यात मंगळसूत्र. नवस फेडायला पोहे, खोबरे, गूळ आणि फळे घालून मलिदा करतो आणि एलियाहू हन्नावीचे नाव घेतो. मुंबईतली आमची पहिली मशीद १७९६ सालची. हो, आमच्या सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणत आलो. एक देव, त्याची मूर्ती नाही. शनिवार म्हणजे शब्बाथ. तो उपासाचा नव्हे, विश्रांतीचा दिवस.

इथपर्यंत सगळ्यांना ऐकायला छान वाटते. आता पुढचे ऐका.

शनिवारी विश्रांती, मग शुक्रवारी कोण राबते? शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून दोन दिवसांचा स्वयंपाक, घर झाडणे-पुसणे, पोरांच्या आंघोळी, पांढरी चादर, सगळे सूर्य मावळायच्या आत उरकायचे. माझी आजी शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावायची तेव्हा तिचे हात थरथरत. आम्हाला वाटे भक्तीने. ते थकव्याने होते, हे मी स्वतः दिवा लावू लागले तेव्हा कळले. विश्रांती ही जगाला मिळालेली मोठी देणगी आहे, हे मी आजही मानते. विडी कामगार बाईला आठवड्यातून एक दिवस हक्काची सुट्टी हवी, हे मला शब्बाथनेच शिकवले. पण ज्या घरात पुरुषाची विश्रांती बाईच्या दुप्पट कामावर उभी असते, तिथे देवाने दिलेली सुट्टी अर्ध्याच माणसांपर्यंत पोचली, असे म्हणावे लागते.

"आमच्या धर्मात बाईला राणीचा मान आहे," असे आमचे वडीलधारे सांगतात. असेच शिबिरातल्या हिंदू मैत्रिणींचे सासरे सांगतात, मुसलमान मैत्रिणींचे मौलवी सांगतात. राणीला मान असतो, मत नसते. सामुदायिक प्रार्थनेला दहा जण लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. ते दहा पुरुषच हवेत. तेरा वर्षांचा पोरगा त्यात धरला जातो, त्याची शिकलीसवरली आई धरली जात नाही. सकाळच्या परंपरागत प्रार्थनेत पुरुष देवाचे आभार मानतो, की तू मला बाई केले नाहीस. पाळीचे दिवस आणि त्यावर आणखी सात दिवस नवरा-बायकोने स्पर्श टाळायचा, मग विधिपूर्वक स्नान, असा कडवा नियम आहे. गडचिरोलीच्या कुर्माघराविषयी आपण तावातावाने बोलतो. ती झोपडी मी पाहिली आहे, आणि त्याच वेळी मला माझ्या आजोळची वेगळी चटई आठवली. झोपडी आणि चटई यांत फरक जरूर आहे. पण दोन्हींच्या मुळाशी असलेला विचार एकच आहे.

१९४८च्या सुमारास आम्ही या देशात वीस हजारांच्या आसपास होतो. बहुतेक जण इस्राएलला गेले. २०११च्या जनगणनेत साऱ्या भारतात ज्यू पाच हजारसुद्धा भरले नाहीत. कोकणातल्या काही मशिदींत आता दहा पुरुष जमत नाहीत, म्हणून नीट प्रार्थना होत नाही. बाकांवर बायका बसलेल्या असतात. त्यांना सगळे तोंडपाठ असते. मोजायला मात्र कोणी तयार नाही. समाज संपला तरी चालेल, पण बाई मोजायची नाही!

हे बदलता येत नाही असे म्हणू नका. डॉ. जेरुशा झिराड आमच्यातल्याच. १९१९ साली लंडन विद्यापीठाची एम.डी. मिळवणारी ही बाई पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलची प्रमुख झाली. तिने आणि तिच्या बहिणीने १९२५ साली मुंबईत ज्युईश रिलिजस युनियन ही उदारमतवादी संस्था उभी केली. जर्मनीत रेजिना योनास १९३५ साली रब्बी झाली. नाझींनी तिला १९४४ साली आउश्वित्झला मारले. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या बाया आमच्यात आजच्या नाहीत.

आता काडीमोडाकडे येते.

आमच्यात काडीमोड आहे. त्याच्या कागदाला 'गेट' म्हणतात. पण तो कागद नवऱ्यानेच, आपल्या खुशीने, बायकोच्या हातात द्यायचा असतो. त्याने दिला नाही तर बाई बांधलेली. अशा बाईला हिब्रूत 'अगुना' म्हणतात, म्हणजे नांगर टाकून जागीच अडकवलेली. आपल्या चळवळीने 'परित्यक्ता' हा शब्द चावडीवर आणला. अगुना ही परित्यक्ताच, पण हिला टाकूनही सोडलेले नसते.

माझी मावशी अशी होती. तिचा नवरा १९७१ साली इस्राएलला गेला. "घर मिळाले की बोलावतो," म्हणाला. दोन पत्रे आली, मग तीही बंद झाली. तो तिकडे दुसऱ्या बाईबरोबर राहतो, त्याला मुले झाली, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळत गेले. मावशी अलिबाग तालुक्यात शिवणकाम करून जगली. १९७९ साली एका विधुर शिक्षकाने तिला मागणी घातली. चांगला माणूस होता, आमच्यातलाच होता. समाजातल्या मोठ्यांची बैठक बसली. पहिला प्रश्न आला, "गेट कुठाय?" नवऱ्याला पत्र गेले. उत्तर आले नाही. मग एक वडीलधारे म्हणाले ते वाक्य मी विसरलेले नाही. "बाई, तुझे सुख आम्हाला कळते. पण १९६२ आठव. पुन्हा आपल्यावर बोट नको."

१९६२ साली काय झाले, हे तुम्हाला माहीत असायला हवे. आपली माणसे इस्राएलला गेली, आणि तिथल्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने सूचना काढल्या की बेने इस्राएलांनी इतर ज्यूंशी लग्न करायचे तर त्यांच्या आईची, आजीची, जाता येईल तितके मागे जाऊन चौकशी करा. का? तर या लोकांनी कोकणात शेकडो वर्षे काडीमोड शास्त्राप्रमाणे केले नसतील, मग बायकांची दुसरी लग्ने वैध कशी, आणि त्यांची मुले निष्कलंक कशी? आमच्या लोकांनी १९६४ साली जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. त्यांच्या संसदेला ठराव करावा लागला, की हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत, आणि रब्बींना त्या सूचनेतून आमचे नाव काढावे लागले. हा लढा आम्ही जिंकलो, त्याचा मला अभिमान आहे.

पण त्या कलंकाचे शास्त्र बघा. गेट न घेता बाईला दुसऱ्या पुरुषापासून मूल झाले, तर त्या मुलाला कलंक. गेट न देता नवऱ्याला दुसऱ्या अविवाहित बाईपासून मूल झाले, तर त्या मुलाला कलंक नाही. मावशीच्या नवऱ्याची मुले तिकडे उजळ माथ्याने वाढली. मावशीची मुले जन्मालाच आली नाहीत. ज्यांनी रब्बींपुढे "आमच्यावर संशय घेऊ नका" म्हणून ठणकावले, त्यांनीच त्या संशयाचे ओझे उचलून एका एकट्या बाईच्या डोक्यावर ठेवले. मावशी २००४ साली गेली. गळ्यात मंगळसूत्र होते. ते काढावे की ठेवावे यावरही त्या दिवशी चर्चा झाली.

आणि आम्हीही काही कमी नव्हतो. आमच्यात 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असा भेद पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. ज्यू बाप आणि बाहेरची आई यांची संतती ती 'काळी'. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही. पुन्हा दोष कोणाच्या माथी? आईच्या. जातीची शुद्धता बाईच्या पोटात राखायची, हे बाबासाहेबांच्या लेखणीने आपल्याला केव्हाच दाखवून दिले आहे. कोकणच्या किनाऱ्यावर आम्ही देव आपला राखला आणि जात मात्र इथली उचलली.

कायदा काय म्हणतो? हिंदूंना १९५५चा विवाह कायदा आहे, पारशांना १९३६चा, ख्रिस्ती लोकांना १८६९चा घटस्फोट कायदा आहे. मुसलमान बाईला १९३९च्या कायद्याने घटस्फोट मागता येतो. या कायद्यांत दोष होते आणि आहेत. ख्रिस्ती बाईला नुसत्या व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट मिळत नव्हता, नवऱ्याला मिळत होता. तिथल्या बाया लढल्या, २००१ साली दुरुस्ती झाली. म्हणजे दुरुस्त करायला निदान कायदा तरी होता. ज्यूंच्या विवाह-घटस्फोटाचा संहिताबद्ध कायदा या देशात नाही. धर्मशास्त्र आणि रूढी हाच कायदा. बाई कोर्टात गेली तर न्यायाधीशांना आधी शास्त्र तपासत बसावे लागते. पोटगी आणि घरगुती हिंसाचाराचे कायदे मात्र आम्हालाही लागू आहेत, हे प्रत्येक कार्यकर्तीने लक्षात ठेवावे. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला, पेढे वाटले गेले. पण या दर्जात बाईला काय मिळाले, हे कोणी विचारले नाही.

आता तुम्हा मैत्रिणींशी भांडते. वैयक्तिक कायद्यांवर आपल्या किती बैठका झाल्या! शाहबानोपासून तलाकपर्यंत, समान नागरी कायद्यापासून उत्तराखंडपर्यंत आपण बोललो. दर वेळी मी हात वर केला आणि दर वेळी ऐकले, "ताई, तुमची संख्या किती?" संख्येवर न्याय मोजायचा असेल तर मग आपल्यात आणि मिन्यान मोजणाऱ्यांत फरक काय राहिला? आणि अलीकडे दुसराच प्रश्न येतो, "गाझाविषयी तुमची भूमिका काय?" सांगते. लेकरे मारणे पाप आहे, मारणारा कोणीही असो. ७ ऑक्टोबर २०२३ला जे झाले ते पाप, आणि त्यानंतर गाझात जे झाले तेही पाप. जेरुसलेममधल्या बाया १९८८ पासून काळे कपडे घालून आपल्याच सरकारच्या कब्जाविरुद्ध चौकात उभ्या राहत आल्या आहेत, त्या मला जवळच्या वाटतात. पण भंडाऱ्याच्या बाईला परक्या राज्याचा जाब विचारायचा आणि तिच्या मावशीचा प्रश्न मात्र "समाजाचा अंतर्गत" म्हणायचा, हे मला मान्य नाही.

समाजातले म्हणतील, आधीच मूठभर आहोत, झाकली मूठ सव्वा लाखाची. माझे उत्तर असे, की ती मूठ बाईच्या गळ्याभोवती झाकलेली आहे, म्हणून उघडायची.

काय करायचे? आपल्या मुलींची लग्ने धर्मविधीने लावा, पण त्याबरोबर १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदवा. लग्नाच्या करारात आधीच लिहून घ्या, की कोर्टाने फारकत दिली तर नवरा गेट अडवणार नाही, अडवले तर खर्च भरेल. गेट अडवणाऱ्याला मशिदीत मान देऊ नका, मलिद्याला बोलावू नका. भावांनो, १९२५च्या वारसा कायद्याने बहिणीचा वाटा तुमच्याइतकाच आहे, हक्कसोडपत्र पुढे करू नका. आणि संघटनांनो, सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी न्याय्य कायद्याचा मसुदा कराल तेव्हा आमच्यासाठी एक ओळ नव्हे, एक खुर्ची ठेवा.

तोरात 'गणना' नावाचा ग्रंथ आहे. त्यात पुरुषांची शिरगणती चालू असताना सलाफहादच्या पाच मुली, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, मोशेसमोर आणि सगळ्या पुढाऱ्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या. बापाला मुलगा नाही म्हणून आमचा वाटा का बुडवता, असे त्यांनी विचारले. मोशेलाही उत्तर सुचले नाही. त्याने देवाला विचारले, आणि देव म्हणाला की मुलींचे बरोबर आहे. पुढे पुढाऱ्यांच्या तक्रारीवरून त्यांच्यावर अट आली, की लग्न आपल्याच वंशात करा. पुढारी तेव्हाही तसेच होते. पण नियम बदलला तो पाच जणींनी विचारल्यामुळे.

त्या विडीवाल्या बाईला मी त्या दिवशी म्हटले, "आहे माय, काडीमोड आहे. पण किल्ली नवऱ्याच्या कमरेला असते." ती म्हणाली, "मंग तुमचं अन् आमचं सारखंच हाये जी."

सारखेच आहे. म्हणून मोजताना आपल्याला एकत्र मोजा.