लकवा, घरचे हात आणि एक ‘नापास’ चाचणी

लकव्याचा झटका आलेला माणूस शासकीय रुग्णालयात फार दिवस राहत नाही. जीव वाचला, रक्तदाब आटोक्यात आला, घास गिळता येऊ लागला की खाट पुढच्या रुग्णाला द्यावी लागते. नागपुरात मेडिकल काय किंवा मेयो काय, रुग्ण येतात ते भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीहून आणि पलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्याहूनही. सुटी होताना कार्डावर लिहिले जाते, ‘नियमित फिजिओथेरपी करावी’. ती गावात कोण देणार, याचे उत्तर त्या कार्डावर नसते.

हा प्रश्न किती मोठा आहे हे गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेच्या अभ्यासातून दिसले होते. ८६ गावांत दोन वर्षांत झालेल्या मृत्यूंची कारणे तपासली तेव्हा पक्षाघात पहिल्या क्रमांकावर निघाला, एकूण मृत्यूंच्या १४.३ टक्के. म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक. ग्रामीण भागात लोक अजूनही साथीच्या रोगांनीच मरतात, हा समज त्याने मोडला. शिवाय हे आकडे मृतांचे. जे वाचले आणि एक हात, एक पाय लुळा घेऊन घरी बसले, ते त्यात नाहीत.

यावर एक साधा आणि स्वस्त उपाय अनेकांना सुचत असे: घरच्यांनाच शिकवा. बायको, मुलगा, सून दिवसरात्र जवळच असतात. त्यांना व्यायाम, उठवण्याची पद्धत, हाताचे काम करून घेण्याची रीत शिकवली तर तज्ज्ञांची उणीव भरून निघेल. आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, सेवाभाव आहे. कल्पना इतकी पटण्यासारखी होती की ती तपासायची काय गरज, असेच कुणालाही वाटावे. पण ती तपासली गेली, आणि भारतातच.

या चाचणीचे नाव ‘अटेंड’. जानेवारी २०१४ ते फेब्रुवारी २०१६ या काळात देशातील १४ रुग्णालयांतून १,२५० रुग्ण घेतले गेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट झाले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला ते उपचार आणि शिवाय कुटुंबातील एका व्यक्तीला पद्धतशीर प्रशिक्षण, जे रुग्णालयात सुरू होऊन घरी दोन महिन्यांपर्यंत चालायचे. सहा महिन्यांनी, रुग्ण कोणत्या गटातला हे ठाऊक नसलेल्या व्यक्तीने प्रत्येकाची स्थिती तपासली. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्रशिक्षण मिळालेल्या गटात दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले रुग्ण ४७ टक्के. प्रशिक्षण न मिळालेल्या गटातही ४७ टक्केच.

फरक शून्य. माझ्या मते गेल्या काही वर्षांत पुनर्वसनाच्या क्षेत्रात भारतात झालेले हे सर्वांत मोलाचे काम आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. औषध कंपनीचे औषध फसले तर बातमी होते. इथे विकायला काहीच नव्हते.

नेमके काय सिद्ध झाले, हे जपून वाचायला हवे. फिजिओथेरपी निरुपयोगी आहे असे या चाचणीने म्हटलेले नाही. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार मिळतच होते. घरच्यांनी काही करू नये, असेही नाही. कूस बदलणे, शय्याव्रण टाळणे, वेळेवर गोळ्या देणे, हे त्यांच्याशिवाय कोण करणार? सिद्ध झाले ते एवढेच की, घरच्यांना असे थोडके शिकवून दिल्याने रुग्णाचे परावलंबित्व कमी होत नाही. त्यामुळे ‘तज्ज्ञ नेमणे परवडत नाही, कुटुंबच करेल’ ही सरकारी सोय पुराव्यावर उभी नाही. तालुक्याला फिजिओथेरपिस्टचे पद मंजूर करायचे की माहितीपत्रक छापायचे, असा प्रश्न आला तर या १,२५० रुग्णांनी त्याचे निम्मे उत्तर देऊन ठेवले आहे. शिवाय दोन्ही गटांतले मिळून १,२१२ जण सहा महिन्यांनंतरही तपासणीसाठी सापडले. आपल्याकडचे रुग्ण पुन्हा येत नाहीत, ही सबब त्यामुळे फारशी टिकत नाही.

व्यायामाची चाचणी औषधाच्या चाचणीपेक्षा अवघड असते, हे मान्य करायला हवे. गोळीसारखीच दिसणारी खोटी गोळी बनवता येते. खोटा व्यायाम कसा बनवणार? आपल्याला कोणता उपचार मिळतो हे रुग्णाला कळतेच, आणि रोज कुणी तासभर आपुलकीने हात धरला की निम्मे बरे वाटतेच. त्यात लकव्यानंतर पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपला आपणही बराच सावरतो. तुलनेला दुसरा गट नसेल तर त्या सुधारणेचे श्रेय जो त्या वेळी हजर असेल त्याला मिळते, मग तो मालिशवाला असो, वैदू असो की आम्ही डॉक्टर.

कधी कधी चांगला हेतूही उलटतो. झटक्यानंतर रुग्णाला जितके लवकर आणि जितके जास्त उठवू तितके बरे, असे मानले जात होते. पाच देशांतील ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांवर झालेल्या ‘अ‍ॅव्हर्ट’ चाचणीत (२०१५) पहिल्या २४ तासांतच जोमाने उठवलेल्या गटात चांगले सावरलेले ४६ टक्के निघाले आणि नेहमीच्या पद्धतीने हळूहळू उठवलेल्यांत ५० टक्के. ‘डॉक्टर, बाबांना आजच चालवा ना’ असा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात ठेवावे. आता मोठ्या शहरांत जाहिराती दिसतात त्या रोबोटचेही तसेच. हाताच्या व्यायामासाठी रोबोट वापरून ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर चाचणी झाली (२०१९). नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताचे काम अधिक सुधारले नाही.

उलट बाजूही आहे. गुडघेदुखीत स्टेरॉइडचे इंजेक्शन की फिजिओथेरपी, अशी सरळ तुलना अमेरिकेत १५६ रुग्णांवर झाली. वर्षभरानंतर त्रासाचा गुणांक इंजेक्शनवाल्यांत ५५.८ आणि फिजिओथेरपीवाल्यांत ३७ होता. गुण जितके कमी तितका त्रास कमी. इंजेक्शनसाठी रांग लावणाऱ्यांना हे सांगितले तरी पटत नाही, तो भाग निराळा.

पण हा गुणांक ज्या प्रश्नावलीतून येतो, तिच्यात मोटारीत चढता-उतरता येते का, मोजे घालता येतात का, असे प्रश्न आहेत. धान रोवणाऱ्या बाईला आम्ही हे काय म्हणून विचारायचे? तिला उकिडवे बसता यायला हवे, बांधावरून चालता यायला हवे. तिच्या कामाच्या मोजपट्टीने केलेल्या चाचण्या परदेशातून येणार नाहीत. त्या इथेच व्हाव्या लागतील.

आणि इथे माणसे आहेत. नागपूर-वर्धा पट्ट्यात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची महाविद्यालये आहेत, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंध करावाच लागतो. पण बहुतेक प्रबंध ३०-४० रुग्णांचे, चार-सहा आठवड्यांचे असतात. शेवटी दोन्ही गट सुधारतात, एक जरा जास्त, आणि प्रबंध कपाटात जातो. एवढ्या थोड्या रुग्णांत खरा फरक निसटतो किंवा नसलेला दिसतो. पाच महाविद्यालयांनी मिळून एकच प्रश्न निवडला, एकच पद्धत ठेवली आणि तीन वर्षांच्या तुकड्यांनी तोच अभ्यास पुढे नेला तर शेकडो रुग्णांचा निष्कर्ष हाती येईल. यंत्रे लागत नाहीत. विद्यापीठाने स्वतंत्र विषयाचा आग्रह थोडा सैल केला की पुरे.

वाचकांपैकी कुणाला अशा चाचणीत सहभागी व्हायला सांगितले तर घाबरून नकार देऊ नये, पण विचारून घ्यावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची चाचणी-नोंदवही २००७ पासून आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. ती कुणालाही फुकट पाहता येते. नोंदणी क्रमांक काय, नीतिमत्ता समितीची मंजुरी आहे का, दुसऱ्या गटात गेलो तर नेहमीचे उपचार मिळतील ना, आणि मधेच सोडल्यास उपचारात अडथळा येणार नाही ना, हे चार प्रश्न मराठीत विचारावेत आणि उत्तरे मराठीत, लेखी मागावीत. संमतिपत्राची एक प्रत घरी न्यावी. वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून घ्यावी. अंगठा त्यानंतर उमटवावा.