काटा रोज जागा बदलत नाही

उन्हात बांधलेल्या खोंडाच्या मानेवरून, खांद्यावरून रक्ताचा ओघळ. जखम शोधावी तर टाचणीच्या टोकाएवढं भोक. संध्याकाळपर्यंत खपली, आणि दुसऱ्या दिवशी वीतभर पलीकडे नवा ओघळ. फोटो टाकला की ठरलेली उत्तरं येतात: बाभळीचा काटा, कावळ्याने टोचलं, गोचीड फुटली, अंगात उष्णता आहे. मग हळद, मग रक्त थांबवायचं इंजेक्शन.

मंडळी, हा जंत आहे. पॅराफायलेरिया. दोऱ्यासारखी मादी, चार ते सहा सेंटीमीटर, कातडीखाली राहते. अंडी घालताना आतून भोक पाडते आणि रक्तात अंडी सोडते. ते रक्त चाटायला माशी बसते. चावणारी गोमाशी नव्हे, घरमाशीच्या गोतावळ्यातली, नुसती चाटणारी. तिच्या अंगात अळी दोन-तीन आठवडे वाढते. मग ती माशी दुसऱ्या जनावराच्या डोळ्यावर नाहीतर जखमेवर बसली की अळी तिथून आत.

आत गेल्यापासून रक्त दिसेपर्यंत सात ते दहा महिने जातात. म्हणजे मे महिन्यात जे गळतंय ते मागच्या पावसाळ्यात आपल्याच उकिरड्यावर तयार झालंय. आज फवारून आजचा ओघळ थांबणार नाही. २०२२ ला लंपीच्या भीतीने आपण धूर केला, शेण लांब नेलं. साथ ओसरली, उकिरडा परत गोठ्याच्या दाराशी. कृषीवाले मित्रहो, तुम्हीही शेणखत एकरी किती ते सांगता. खड्डा कुठे घ्यायचा, झाकायचा कसा, हे कधी सांगता?

आयव्हरमेक्टिन लागू पडतं, खरंय. पण ते दुधात उतरतं. दुभत्या गाईला टोचून त्याच संध्याकाळी डेअरीला दूध घालणारे गावोगाव आहेत. मीही एकदा घातलंय, लपवत नाही. शिवाय ते शेणातून बाहेर पडून शेणकिडे मारतं, म्हणजे शेण फुकटात जिरवणारेच जातात.

स्वीडनमध्ये १९७८ साली हा रोग सापडला, पुढे बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनीतही. तिथे मांसावर हिरवट-पिवळे डाग दिसतात, मांस कापून टाकावं लागतं, म्हणून नुकसान मोजतात. आपण ओघळावरच जू ठेवतो.

ओघळ दिसला की ताजा असतानाच, दुपारीच, काचपट्टीवर थेंब घेऊन जनावरांच्या दवाखान्यात द्या. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसतात. डॉक्टर 'गरज नाही' म्हणाले तरी हटून बसा. वाळलेली खपली नेऊ नका.